पणजीचे माहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘माहेर’ ह्या विषयावर केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला मंडळाने ‘माहेर’ हा विषय ठेवला आहे. माझ्या आधी बोललेल्या बहिणींनी आपापल्या माहेराची वर्णने इतकी गोड केली की ऐकताना पुष्कळांच्या डोळ्यांना पदर लागला. त्यावर मी आणखी माझ्या माहेराची भर घालीत नाही. मी आज एका साऱ्या समाजाच्या माहेराची हकिगत सांगणार आहे. हा समाज आपल्या महाराष्ट्रातला, आपलीच मराठी बोलणारा. दोन हजार वर्षांपूर्वी सुटलेल्या माहेराला परत जावे म्हणून ह्या माणसांनी घरेदारे मोडली आणि ती समुद्रापलीकडे गेली. तिथे त्यांना जे विचारले गेले ते आपण बायकांनी ऐकण्यासारखे आहे.

हा समाज म्हणजे बेने इस्राएल. आपल्या लातूर-नांदेडकडे त्यांची वस्ती नव्हती, म्हणून आपल्याला त्यांची फारशी माहिती नाही. त्यांची मूळ गावे कोकणात, पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात. ते धर्माने ज्यू, म्हणजे यहुदी. त्यांची परंपरेने चालत आलेली कथा अशी की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते नवगावला पुरली. तिथे आजही त्यांची जुनी दफनभूमी आहे. पोथ्यापुस्तके सारी बुडाली. राहिले ते आठवणीतले तेवढेच.

आठवणीत काय राहिले? शनिवारी काम करायचे नाही, एवढे राहिले. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, काही मासे व काही मांस खायचे नाही, देव एक आहे असे सांगणारी एक लहानशी प्रार्थना म्हणायची, आणि काही सणवार. बस्स. त्यांनी तेलाचा घाणा हाती घेतला. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आपल्याकडेही शनिवारी तेल विकत आणू नये म्हणतात. आपले कारण शनिमहाराजांचे, त्यांचे वेगळे. पण शेजाऱ्याला ते वावगे वाटले नसणार, हे आपण सहज समजू शकतो.

पुढे ही माणसे गावोगाव पसरली आणि गावांची नावे त्यांना चिकटली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहीमकर, अष्टमीचे अष्टमकर. बायका लुगडी नेसत, बांगड्या भरीत, गळ्यात मंगळसूत्र घालीत. लग्नात हळद-मेंदी असे. घरात मराठी. सणांना त्यांनी जी नावे दिली ती ऐका, म्हणजे ती बायकांनीच दिली असावीत असे वाटते. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्याच दिवसांत खिरीचा सण. कडक उपासाच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, तो दारफाळणीचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो शिळा सण. होळीच्या सुमारास येणारा त्यांचा पुरीम, त्याला होळीचा सण म्हणत. एका उपासाला बिरड्याचा रोजा म्हणत. पोथी बुडाली तरी सण बुडाला नाही, ह्याचे कारण तो स्वयंपाकघरात जपला गेला.

त्यांचा धर्म मांसासोबत दूधदुभते खाऊ देत नाही. मग कोकणातल्या त्या सुगरणींनी काय करावे? नारळाचे दूध वापरले. गव्हाचा चीक काढून त्यात नारळाचे दूध घालून हलवा करतात, तो त्यांच्या नव्या वर्षाचा पदार्थ. आणि मलिदा म्हणून त्यांचा एक विधी आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असे ताटात मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे त्यांचे एक प्राचीन प्रेषित, ह्यांचे नाव घेऊन प्रार्थना करतात. लग्न असो, नवस असो, नवे घर असो, मलिदा हवाच. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू हनाबी स्वर्गाला जाताना त्यांचा रथ तिथे टेकला, अशी ह्या लोकांची श्रद्धा आहे. आपण रेणुकामातेच्या देवळात नवस फेडायला जातो, तसे ते तिथे जातात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुद्यांत पोह्यांचा मलिदा नाही. तो आपल्या मातीतला.

पुढे दावीद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला, त्याने ह्यांच्या चालीरीती पाहून ओळखले की ही आपलीच माणसे, आणि त्यांना विसरलेला धर्म शिकविला, असे ते सांगतात. इंग्रजी अमलात बरेच जण पलटणीत गेले. सॅम्युअल दिवेकर हे त्यांतले एक. ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. आख्यायिका अशी की, कैदी ‘बेने इस्राएल’ आहेत हे ऐकताच टिपूच्या आईने शब्द टाकला, हे नाव कुराणात आहे, ह्यांना मारू नये. दिवेकर सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात त्यांच्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि त्यावरूनच मशीद बंदर स्टेशनाचे नाव पडले असे म्हणतात.

ह्या लोकांनी मराठी सोडली नाही. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाला घरात बसून वाचायची पोथी असते, तिला हगादा म्हणतात. ती १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी अर्थासह छापली गेली. पुण्याच्या पोथीत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे, त्या लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास त्यांच्यात कीर्तने सुरू झाली. कथा मोशेची, दावीद राजाची, पण चाल आणि भाषा आपली. ह्या समाजाने माणसेही मोठी दिली. डॉ. जेरुशा झिराड ह्या मुंबईतल्या नामांकित स्त्री-डॉक्टर, त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड, तेही ह्याच समाजाचे. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर होते, त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे.

आता माहेराकडे येऊ.

१९४८ च्या मे महिन्यात इस्राएल देश स्थापन झाला. १९५० मध्ये त्या देशाने कायदा केला की, जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथे येऊन राहण्याचा हक्क आहे. एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्याच भूमीतून १९४८ मध्ये लाखो पॅलेस्टिनी अरबांची घरे सुटली, त्यांचे दुःख आजही संपलेले नाही. एकाचे माहेर दुसऱ्याचेही घर असू शकते, हे विसरून चालणार नाही.

त्या वेळी बेने इस्राएल भारतात वीस हजारांच्या आसपास होते. धर्मापायी कुणी त्यांचा छळ केला असे त्यांच्या इतिहासात नाही, आणि हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. मग ते का गेले? कुणी धर्मश्रद्धेने गेले. रोजच्या प्रार्थनेत ज्या यरुशलेमचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले, ते डोळ्यांनी पाहावे असे त्यांना वाटले. कुणी कामधंद्यासाठी गेले, कारण इंग्रज गेल्यावर रेल्वे, गोदी, पलटण अशा नोकऱ्यांत आपले काय होईल ही चिंता होती. आणि पुष्कळ जण गेले ते भाऊ गेला म्हणून, नणंद गेली म्हणून. समाज लहान, निम्मा गेल्यावर उरलेल्यांच्या मुलामुलींची लग्ने जमेनात. एकेक घर असे उठत गेले.

ह्याच घालमेलीवर त्यांच्यातल्याच मीरा महादेवन ह्यांनी ‘अपना घर’ नावाची हिंदी कादंबरी लिहिली. नवरा जायला निघाला, बायकोचा पाय निघत नाही, आपले घर म्हणजे नेमके कोणते? हा त्यातला प्रश्न. मीराबाई स्वतः इथेच राहिल्या, आणि १९६९ मध्ये त्यांनी दिल्लीत इमारतींच्या बांधकामांवर राबणाऱ्या मजूर बायांच्या पोरांसाठी पाळणाघरे सुरू केली. आपल्याकडून दरसाल कामाला बाहेर जाणाऱ्या बाया आठवल्या, म्हणजे ह्या कामाची किंमत आपल्याला कळेल.

जे गेले त्यांना तिथे सुरुवातीला वाळवंटाकडची गावे आणि तंबू-पत्र्यांच्या छावण्या मिळाल्या. भाषा हिब्रू, ती प्रार्थनेपुरती ठाऊक, बाजारापुरती नाही. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाच्या हाती फावडे आले. शिवाय रंगावरून बोलणी बसू लागली. आम्हाला वेगळे वागवतात, भाकरीसुद्धा काळी देतात, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस काही कुटुंबांनी धरणे धरले आणि म्हणाले, आम्हाला परत भारतात पाठवा. १९५२ मध्ये शंभरांहून अधिक माणसे खरोखरच परत आली. पण पुढे त्यांतली बरीच पुन्हा तिकडे गेली. भगिनींनो, ह्याला कुणी चंचलपणा म्हणेल. सासरहून रागाने निघालेली लेक माहेरच्या उंबऱ्यावर येते, आणि चार दिवसांनी इथेही आता आपला गडू-तांब्या राहिला नाही हे तिला दिसते. तिला आपण चंचल म्हणत नाही.

पण खरा घाव पुढे बसला. १९६० च्या सुमारास तिथल्या काही धर्मगुरूंनी बेने इस्राएल मुलामुलींची लग्ने इतर ज्यूंशी लावायला नकार दिला. ते म्हणाले, तुम्ही शेकडो वर्षे आमच्यापासून दूर होता. तुमच्यात बाहेरचे रक्त मिसळले नसेल कशावरून? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आज्ञा काढली की, लग्न लावण्यापूर्वी चौकशी करावी. कुणाची चौकशी? तर आईची, आईच्या आईची, आणि जमेल तितके मागे जाऊन तिच्याही आईची. कारण ज्यूंच्या धर्मशास्त्रात मूल ज्यू ठरते ते आईवरून.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. इथे जमलेल्या आपण सगळ्या जणींनी मनातल्या मनात हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. वडिलांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे नाव आपण घडाघडा सांगू. श्राद्धपक्षात ती नावे दरसाल घेतली जातात. सात-बाऱ्यावर ती आहेत, भाटाच्या वहीतही असतील. आता आईच्या आईच्या आईचे नाव सांगा. आणि नाव तरी कोणते सांगायचे? ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून नवऱ्याने ठेवलेले, की तिच्या आईने पाळण्यात ठेवलेले? सासरच्या नावाने ती मेली आणि माहेरचे नाव तिच्या भावांबरोबर गेले. आपल्याला कुणी आज्ञा काढून विचारले, तर आपण किती जणी उत्तर देऊ शकू?

बेने इस्राएल समाजापाशी तरी कुठली लेखी वंशावळ असणार! कोकणातल्या तेलिणीच्या लेकीची नोंद कोणी करून ठेवली? आपण माहेरी आलो आहोत असे समजून उंबऱ्यात उभी राहिलेली ही माणसे, आणि आतून प्रश्न येतो, तुझी आई कोण, तिची आई कोण, पुरावा दाखव.

त्यांनी गप्प बसायचे नाकारले. १९६४ च्या उन्हाळ्यात ते बायकापोरांसह यरुशलेमात येऊन धरणे धरून बसले. देशभर चर्चा झाली. १७ ऑगस्ट १९६४ ला तिथल्या लोकसभेत हा विषय निघाला, पंतप्रधान लेवी एश्कोल ह्यांनी त्यांची बाजू घेतली, आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे सभेने म्हटले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आज्ञेची भाषा बदलली आणि बेने इस्राएल समाजाचे नाव त्यातून काढले. लढा त्यांनी जिंकला. तरी विचारलेला प्रश्न विचारलेलाच राहिला.

ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर ते अर्धे सांगितल्यासारखे होईल. ह्याच समाजात कोकणात असताना दोन तट होते, गोरे इस्राएल व काळे इस्राएल. बाहेरच्या बाईशी संसार केलेल्यांच्या संततीला काळे म्हणत. त्यांच्याशी सोयरीक करीत नसत, एका पंक्तीला बसत नसत. म्हणजे जो प्रश्न पुढे परदेशात ह्यांना टोचला, तोच प्रश्न ह्यांनी आपल्यातल्याच काहींना घरी विचारला होता. कातडीच्या रंगाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आईचे कूळ कुठले एवढेच पाहायचे. माणूस सगळीकडे सारखाच. कुणाला तरी अर्धे म्हटल्यावाचून स्वतः पुरे असल्याचा विश्वास त्याला येत नाही.

आता विज्ञान काय म्हणते पाहा. २०१६ मध्ये ह्या समाजाच्या रक्तातील अनुवंशाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे निघाले की, ह्यांचे मूळ पश्चिम आशियातल्या ज्यूंशी खरोखरच जुळते, आणि भारतातल्या लोकांशीही तितकेच खरेपणाने जुळते. दोन्हींचा वाटा मोठा आहे. त्यातही ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक आणि इथला वाटा स्त्रियांकडून अधिक. म्हणजे पणजीच्या पणजीच्या मागे जात राहिले, तर कुठे तरी एखादी कोकणातली लेक चुलीपाशी बसलेली भेटण्याचा संभव पुष्कळ आहे. तिचे नाव कुणाला माहीत नाही. पण मला वाटते, परक्या धर्माचा शनिवार जिने पाळला, नवऱ्याच्या देवासाठी आपल्या घरचे पोहे-खोबरे ताटात मांडले, ती परकी कशी? धर्म जहाजातून आला असेल. त्याला दोन हजार वर्षे जेवू-खाऊ घातले ते तिने.

अशी गोष्ट ह्या एकाच समाजाची नाही. जपान देशातून १९०८ मध्ये ‘कासातो मारू’ नावाच्या बोटीने सातशेंवर माणसे ब्राझीलला कॉफीच्या मळ्यांत मजुरीला गेली. पुढे लाखो गेली. तिथेच संसार झाले, काहींची तिथल्या लोकांशी लग्ने झाली. ब्राझीलमध्ये त्यांना सगळे ‘जपानी’ म्हणत. पुढे जपानात कारखान्यांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९९० मध्ये तिथल्या सरकारने ह्या लोकांच्या नातवंडांपर्यंत सर्वांना येऊन राहण्याची मुभा दिली. आजोबांचा देश पाहायला मिळणार म्हणून ती आनंदाने गेली. चेहरा जपानी, पण भाषा येईना, रीत कळेना. तिथे सगळे त्यांना ‘ब्राझीलवाले’ म्हणू लागले. आईबापांपैकी एक जण परका असेल, तर तिथे ‘हाफू’ म्हणतात, म्हणजे अर्धा. २००९ मध्ये मंदी आली, तेव्हा त्याच सरकारने काम गेलेल्यांना प्रत्येकी तीन लाख येन देऊ केले, ते परत ब्राझीलला जाण्यासाठी, आणि त्याच परवान्यावर लगेच परत यायचे नाही ह्या अटीवर. माहेरी बोलावले ते कामापुरते, आणि काम संपल्यावर वाटखर्ची देऊन वाट दाखविली. तरीही पुष्कळ जण तिथेच राहिले. मुलांना शाळेत घातले, दोन्ही भाषा शिकले. त्यांच्या हिमतीला म्हणावे तितके थोडेच आहे.

आणि आपल्याला हे दूरचे वाटायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. भालकी, औराद तिकडे म्हैसूर राज्यात गेले. माझे आजोळ भालकीकडचे. आजी घरात मराठी बोले, शेजारणीशी कानडी, आणि बाजारात हैदराबादी हिंदी. इकडे तिला ‘कानडी’ म्हणत आणि तिकडे तिच्या भावंडांना ‘मराठे’ म्हणत. तिला त्याचे काही वाटत नसे. ती म्हणायची, “मला दोन घरचं येतं, तुम्हाला एकाच घरचं येतं, मग कमी कोण?” आपल्या तालुक्यात कानडी मुलखातून, तेलंगणातून आलेल्या किती तरी सुना आहेत. पुण्या-मुंबईला वाढलेली, आणि आता तर परदेशात जन्मलेली नातवंडे सुटीला येतात. त्यांची मराठी अडखळते आणि आपण हसतो. हसताना आपणच त्यांच्यासाठी उंबऱ्यातली चौकशी सुरू करतो.

आता इस्राएलातल्या मंडळींचे पुढे काय झाले ते सांगते. आज तिथे बेने इस्राएल समाजाची पन्नास हजारांहून अधिक माणसे आहेत. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद अशा गावांत त्यांची मोठी वस्ती आहे. गंमत अशी की, इथे असताना ते ज्यू म्हणून वेगळे होते, तिथे गेल्यावर भारतीय म्हणून ओळखले जाऊ लागले. आणि मग त्यांना मराठीची ओढ लागली. १९८० च्या दशकात तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. इस्राएलमध्ये छापलेले, आपल्या बाळबोध लिपीतले. तिथे मलिदा होतो, लग्नाआधी मेंदी होते, पुरणपोळी होते, कीर्तनेही झाली. इकडे मात्र समाज थोडा उरला. २०११ च्या खानेसुमारीत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांहूनही कमी नोंदले गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तिकडून लोक मुलाबाळांना घेऊन नवगावची दफनभूमी, खंडाळ्याचा खडक, पेण-रोह्याची जुनी घरे पाहायला येतात.

तर मग माहेर कोणते? इस्राएल, की कोकण? मला विचाराल तर, हा प्रश्न पुरुषांनी काढलेला आहे. बाईला तो पडत नाही. बाईला पहिल्यापासून दोन घरे असतात. एका घरची रीत दुसऱ्या घरात नेणे, तिथल्या चवीत आपली चव मिसळणे, आणि दोन्हीकडून ‘तू तिकडचीच’ असे ऐकून घेऊनही दोन्हीकडचे सुतक पाळणे, हे आपण सगळ्या जणी जन्मभर करीत आलो. आपल्याला कुणी अर्धी म्हटले तर खुशाल म्हणू द्यावे. आपण जाणतो की ती बेरीज आहे. परंतु एक आहे. ही बेरीज कुठे लिहून ठेवलेली नसते, म्हणून कुणीही येऊन तिचा पुरावा मागू शकतो.

म्हणून आज मंडळापुढे मी एक विनंती ठेवते. हळदीकुंकवाची, भिशीची वही आपल्याकडे आहे. तशी आणखी एक वही मंडळाने घालावी. तीत प्रत्येक सभासद बाईने आपल्या आईचे, आईच्या आईचे, आणि आठवेल तिथपर्यंत तिच्या आईचे नाव लिहावे. माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही. गाव कोणते, बोली कोणती, आणि तिच्या हातचा एखादा पदार्थ, एखादी रीत, दळताना ती म्हणायची त्यातली एखादी ओवी. जिला लिहिता येत नसेल तिने सांगावे, दुसरीने लिहावे. जातीपातीचा रकाना त्या वहीत ठेवू नये. ज्या वृद्ध बायका आज आपल्यात आहेत त्यांच्याकडून पुढल्या नवरात्राच्या आत विचारून घ्यावे, कारण ह्या कामाला उशीर परवडत नाही. बेने इस्राएल समाजाच्या पोथ्या बुडाल्या त्या समुद्रात. आपल्या घरातली पोथी म्हणजे ओसरीवर बसलेली म्हातारी, ती आपल्या डोळ्यांदेखत मिटत चालली आहे.

आणि दुसरी विनंती त्याहून साधी. आपल्या गल्लीत परमुलखातली सून आली, किंवा परदेशातले नातवंड आले, तर त्याला ‘तू मूळचा कुठला’ असे विचारण्याआधी ‘जेवलास का’ असे विचारावे.